केअरवेंट: रोमन तटाच्या आतलं गाव आणि आमची पायपीट

पायवाट

नमस्कार मंडळी. मागे एका धाग्यावर कुणीतरी विचारलं होतं की वेल्सच्या बाजूला लहान मुलं आणि भारतातून आलेले आईवडील दोघांना एकत्र नेता येईल अशी जागा सुचवा. तिथे लिहायला घेतलं आणि प्रतिसाद मारुतीच्या शेपटासारखा वाढत गेला, म्हणून हा वेगळा धागा.

कार्डिफ, न्यूपोर्ट आणि खाडीपलीकडचं ब्रिस्टल इथली काही मराठी कुटुंबं अधूनमधून एकत्र चालायला जातो. सेव्हर्न पुलाचा टोल २०१८ च्या डिसेंबरात बंद झाला तेव्हापासून ब्रिस्टलकरांचा उत्साह वाढलाय. कारण विचारू नका. या वेळी केअरवेंट ठरलं.

चेपस्टोहून न्यूपोर्टकडे निघालं की पाचेक मैलांवर हे गाव येतं. म्हणजे यायला हवं. ए-४८ हमरस्ता आता गावाला वळसा घालून जातो, त्यामुळे रोज त्या रस्त्याने कामावर जाणाऱ्यांनाही आत काय आहे याचा पत्ता नसतो. आत आहे वेंटा सिल्युरम. सिल्युर टोळीसाठी रोमनांनी इ.स. ७५ च्या सुमारास वसवलेलं, ४४ एकरांचं आखीव शहर. शहर गेलं, तट राहिला, आणि तटाच्या आत आज एक रस्ता, एक चर्च, थोडी घरं, बाकी कुरणं आणि मेंढ्या. रोमन काळात जो मुख्य रस्ता होता तोच आजही गावाचा मुख्य रस्ता. टपाल घेऊन येणारी लाल गाडी त्याच रेषेवरून जाते.

पश्चिम वेशीपाशी गाड्या लावल्या. तिकीट नाही, खिडकी नाही, 'हात लावू नये' नाही. जागा वेल्स सरकारच्या कॅडू या खात्याकडे आहे, फलक वेल्श आणि इंग्रजीत आहेत आणि चांगले लिहिलेत.

पहिला थांबा पाउंड लेनचे घरांचे पाये. रस्त्याकडे अरुंद तोंड, मागे लांबलचक खोल्या; पुढे दुकान, मागे बिऱ्हाड, आपल्या जुन्या पेठांतल्यासारखं. एकात लोहार होता. पुढे कुणाची तरी भरभराट झाली आणि शेजारशेजारच्या जागा एकत्र करून मधे चौक असलेलं मोठं घर बांधलं गेलं. तिथून पुढे देऊळ. चौकोनी गाभारा आणि त्याच्या चारी बाजूंनी फिरायची वाट. आमच्या गटातल्या एका आजींनी कुणाला काही न विचारता प्रदक्षिणा घातली आणि मग विचारलं, "देव कुठला होता गं?" ते कुठे लिहिलेलं नाही. "बरं, असेल तो असेल," म्हणाल्या.

देवळाला लागूनच शहराचा चौक आणि बॅसिलिका, म्हणजे कचेरी, न्यायालय, सभागृह सगळं एकाच छपराखाली. गावपंचायत जिथे बसायची ती खोली सापडली आहे. लाकडी बाकं बसवायच्या खाचासुद्धा. चर्च, तट आणि बाकीचं पुढच्या प्रतिसादात लिहिते, पोराला पोहायला सोडायचंय.

सांडगे_मिरची

वा! येऊ द्या पुढे. आम्ही स्विंडनला असतो, त्या ए-४८ वरून कैकदा गेलोय आणि पाटी बघून 'असेल काहीतरी' म्हणून पुढे गेलोय. डब्यात काय होतं तेही लिहा, अर्धे वाचक त्यासाठीच येतात.

खडूस_आजोबा

चार पाये, दोन खाचा आणि एक अज्ञात देव. एवढ्यासाठी पेट्रोल जाळून गेलात? आपल्याकडे राजगडाची संजीवनी माची बघा, तट म्हणजे काय ते कळेल. साहेबाच्या देशात गुडघ्याएवढी भिंत दिसली की हिरवळ कापून फलक लावतात आणि आपले लोक भक्तिभावाने फोटो काढतात.

बांधकामवाला

@खडूस_आजोबा, गुडघ्याएवढी नाही हो. केअरवेंटची दक्षिण भिंत काही ठिकाणी १७ फूट उभी आहे. मी कामानिमित्त न्यूपोर्टला होतो तेव्हा रविवारी तिकडे जायचो. राजगडाशी तुलनाच नको, तो डोंगरी किल्ला, हे सपाटीवरचं शहर.

स्थापत्यवाल्यांसाठी सांगतो, ही भिंत बघायची असेल तर तिच्या जखमा बघा. बाहेरचे घडीव चुनखडीचे चिरे बऱ्याच ठिकाणी लोकांनी उपटून नेलेत आणि आतला गाभा उघडा पडलाय. चुन्यात बसवलेल्या खडबडीत दगडांचे थरावर थर स्पष्ट दिसतात. दगड ओतून भरलेले नाहीत, प्रत्येक थर हाताने लावलाय, काही थरांत दगड तिरके उभे केलेत. पायाशी जाडी दहाएक फूट.

आधी इथे नुसता मातीचा बांध होता, दुसऱ्या शतकाच्या अखेरीचा. दगडी भिंत नंतर त्याच्या पुढ्यात उभारली, म्हणजे मागून मातीचा आधार आयताच मिळाला. आणि त्याच्याही नंतर, इ.स. ३५० च्या सुमाराला, बाहेरून बुरूज चिकटवले. चिकटवले हा शब्द मुद्दाम वापरला. बुरूज आणि भिंत यांच्यामधे उभी सरळ फट आहे, चिरे एकमेकांत गुंतवलेले नाहीत. एका कामात बांधलं असतं तर कुठल्याही गवंड्याने सांधमोड केली असती. बोट घालून बघता येते ती फट.

रानजाई

मी या सहलीला होते! पायवाट ताईंनी न लिहिलेलं मी लिहिते.

चिखल. इतका चिखल की निम्म्या गटाचे बूट ओळखू येईनात. गमबूट आणा असं निरोपात ठळक लिहिलेलं होतं, तरी दोन महाभाग पांढऱ्या स्पोर्ट्स शूजमध्ये. दक्षिण भिंतीच्या बाहेरून जी पायवाट जाते ती मेंढ्यांच्या कुरणातून आहे, कोकरं नुकतीच झालेली, त्यामुळे मुलांना आधी दम भरला की पळायचं नाही, ओरडायचं नाही, कोकरांना हात लावायचा नाही. मुलांनी ऐकलं. मोठ्यांनी फोटोसाठी कोकरांच्या मागे जाऊन आयांना (मेंढ्यांच्या) बिथरवलं.

डबा: धपाटे, दाण्याची चटणी, लोणचं, गुळपोळ्या, एकांनी चक्क थर्मासमधून कढी आणलेली. बसलो भिंतीच्या उन्हाच्या बाजूला. वारा अडतो तिथे, रोमनांचे आभार.

एक गोष्ट मात्र गटाने चालणाऱ्यांनी लक्षात ठेवण्यासारखी आहे. नेहमी आमची पंचाईत होते की तरणी मंडळी पुढे सुटतात आणि सासू-सासरे, बाबागाडी वगैरे मागे राहतात. इथे तटाला फेरी आहे, मैलभराहून थोडी जास्त. त्यामुळे पुढे गेलेले कंटाळले की उलटे फिरून समोरून येतात. कुणी हरवत नाही, कुणाची वाट बघावी लागत नाही.

पायवाट

आले. @रानजाई, ती कढी कुणी आणलेली ते सगळ्यांना माहीत आहे, उगाच 'एकांनी' कशाला? :)

चर्चबद्दल. संत स्टीफन आणि संत तथान यांच्या नावाचं चर्च आहे, गावाच्या मधोमध. (तथान म्हणजे सहाव्या शतकातला इथला साधू, त्याने रोमन शहराच्या अवशेषांत मठ काढला असं मानतात.) दारापुढच्या पडवीत दोन रोमन दगड ठेवलेत. एक छोटी वेदी आहे, मार्स ओसेलस या देवाला वाहिलेली. मार्स रोमनांचा, ओसेलस इथला, जोडदेव. नवस फेडणारा सैन्यातला कनिष्ठ अधिकारी होता.

दुसरा दगड मोठा, पुतळ्याची बैठक. पुतळा गेला. अक्षरं अजून इतकी खणखणीत आहेत की आमच्यातला नऊ वर्षांचा मुलगा एकेक अक्षर मोठ्याने वाचत गेला. त्याला लॅटिन येत नाही आणि शब्दांच्या मधे जागाही जवळपास नाही. तरी शेवटच्या ओळींत 'सिल्युरम' आलं तसा ओरडला, "हे तर पाटीवर होतं!" लेगियो सेकुंडा ऑगस्टा म्हणजे दुसरी ऑगस्टन पलटण, तिचा सेनापती पॉलिनस, आणि त्याचा पुतळा सिल्युर लोकांच्या पंचायतीने ठराव करून उभारला, असा मजकूर. तिसऱ्या शतकाच्या सुरुवातीचा. १९०३ साली गावातच सापडला.

मला या गावात सगळ्यात जास्त काय भावलं असेल तर हे. नऊ मैलांवरचं कर्लीयन हा पलटणीचा तळ. तिथे पाचएक हजार सैनिक, बराकी, अँफिथिएटर, स्नानगृह, सगळा लष्करी थाट. पर्यटक तिकडेच जातात. केअरवेंट मात्र सैनिकांचं नाही, ते इथल्याच माणसांचं. ज्यांच्या आज्या-पणज्यांनी रोमनांशी झुंज घेतली त्यांचीच नातवंडं इथे दुकानं थाटून, बाकावर बसून, लॅटिनमध्ये ठराव करत होती. रोमन इतिहास म्हटलं की आपल्याला शिरस्त्राण आणि भाला दिसतो. इथे लोहार, दुकानदार आणि पंचायत दिसते.

ताम्रपट

धागा आवडला. थोडी भर आणि थोडा विरोध.

भर: सिल्युरांनी रोमनांना पंचवीसेक वर्षं दमवलं. बंडखोर राजा कॅराटॅकस यांच्याकडेच येऊन लढला, इ.स. ५१ मध्ये पकडला गेला. तो गेल्यावरही हे लोक थांबले नाहीत, पुढच्याच वर्षी त्यांनी एका रोमन पलटणीला मात दिली. अखेर त्यांना नमवलं ते सुभेदार फ्रंटायनसने, सत्तरच्या दशकात. तोच फ्रंटायनस म्हातारपणी रोम शहराच्या पाणीपुरवठ्याचा मुख्य अधिकारी झाला आणि नळचोरांमागे हात धुवून लागला.

विरोध: 'इथल्याच माणसांचं' हे जरा गोड वाटतं. रोमन इतिहासकार टॅसिटसचा सासरा अ‍ॅग्रिकोला फ्रंटायनसनंतर लगेच ब्रिटनचा सुभेदार होता. टॅसिटस स्वतः लिहून गेलाय की स्नानगृहं, दिवाणखाने, मेजवान्या, टोगा यांची ब्रिटनच्या लोकांना चटक लावली गेली; भोळ्यांनी त्याला संस्कृती म्हटलं, तो त्यांच्या गुलामीचाच भाग होता. रोमन माणूसच हे म्हणतोय.

खडूस_आजोबा

आता कसं बोललात! म्हणजे पंचायतीने पलटणीच्या साहेबाचा पुतळा उभारला, इतकंच ना? आपल्याकडे काय कमी झाले? गव्हर्नर आला की कमान, गेला की पुतळा, आणि ठराव मांडणारा पुढच्या यादीत रावबहादूर.

पायवाट

@खडूस_आजोबा, 'गेला की पुतळा' हे तुम्ही सहज बोलून गेलात, पण दगड नेमकं तेच सांगतो. त्यावर पॉलिनसच्या पलटणीनंतरच्या नेमणुकाही कोरल्यात, दोन्ही गॉलमधल्या म्हणजे आजच्या फ्रान्समधल्या, आधी नार्बोनेन्सिस आणि मग लुग्दुनेन्सिस. म्हणजे पुतळा उभारला तेव्हा साहेबाची बदली होऊन जमाना झाला होता. समोर असलेल्या साहेबाची खुशामत समजू शकते. बदली झालेल्याचा पुतळा उभारायला खिशातले पैसे घालायचे म्हणजे काहीतरी कारण असणार.

ताम्रपट

कारण दगडावर नाही, पण याच पॉलिनसची दुसरी गोष्ट फ्रान्समधल्या एका दगडावर आहे. थोरिन्यीचा संगमरवर म्हणून तो प्रसिद्ध आहे, इ.स. २३८ चा.

लुग्दुनेन्सिसचा सुभेदार असताना पॉलिनसने काही उद्योग केले असावेत, कारण त्याची मुदत संपल्यावर ल्योनला भरणाऱ्या गॉलच्या प्रांतसभेत त्याच्यावर खटला भरायचा प्रस्ताव आला. तिथे सोलेम्निस नावाचा एक प्रतिनिधी उभा राहिला आणि म्हणाला, माझ्या गावाने मला असं करायला सांगितलेलं नाही, उलट पॉलिनसची स्तुतीच केली आहे. प्रस्ताव बारगळला. पॉलिनस २२० साली उत्तर ब्रिटनचा सुभेदार झाला आणि तिथून त्याने सोलेम्निसला पत्र लिहिलं. पत्र त्या संगमरवरावर जसंच्या तसं कोरलंय. सोबत पाठवलेल्या भेटींची यादीही आहे: एक झगा, एक अंगरखा, रत्नं जडवलेली सोन्याची पिन, घोंगड्या, ब्रिटनचं एक खास वस्त्र आणि एक सीलचं कातडं. वर नोकरीतल्या एका जागेचा वायदा, आणि जागा रिकामी होईपर्यंत तिचा पगार म्हणून २५,००० सेस्टर्सेस (रोमन नाणी).

एकीकडे गॉलवाले त्याला कोर्टात खेचायला निघाले होते, आणि इकडे केअरवेंटची पंचायत त्याचा पुतळा बसवत होती. काय समजायचं ते समजा.

खडूस_आजोबा

सीलचं कातडं!! अहो आधी का नाही सांगितलंत, मी पुढच्या फ्लाइटने आलो असतो. पायवाट, तुमच्या पंचायतीला काय मिळालं होतं ते शोधा आता.

पायवाट

हसून पुरेवाट. @ताम्रपट, ही गोष्ट गटावर टाकते आहे.

पण तुमच्या विरोधाशी मी पूर्ण सहमत नाही. टॅसिटस सिनेटर होता, रोममध्ये बसून लिहीत होता. गुलामीचा भाग म्हणणं त्याला सोपं होतं. पाउंड लेनच्या लोहाराला गिऱ्हाईक हवं होतं, चांगला रस्ता हवा होता, आणि ओसेलस इथे सुटला नाही, मार्सच्या मागे जोडलेला राहिला. मिंधेपणाही आहे आणि हुशारीही आहे, दोन्ही एकाच चौकात. आपल्याकडच्या इंग्रजी अमदानीबद्दल बोलतानाही आपण रावबहादूर तेवढे आठवतो, पेठेतला दुकानदार विसरतो.

बांधकामवाला

देवाचा विषय निघालाय तर, ते प्रदक्षिणेवालं देऊळ इ.स. ३३० च्या आसपासचं मानतात. तोवर रोमचा बादशहा कॉन्स्टंटाइन ख्रिस्ती धर्माच्या बाजूला गेलेला होता. बादशहा एकीकडे आणि भर चौकालगत जुन्या देवाचं कोरं करकरीत देऊळ दुसरीकडे. आणि त्याच शतकाच्या उत्तरार्धातली एक थाळी इथल्या घरात पुरलेल्या मडक्यात सापडली, तिच्यावर ख्रिस्ताची खी-रो खूण (त्याच्या ग्रीक नावातली पहिली दोन अक्षरं) खरवडलेली. १९०६ सालच्या उत्खननातली. गावाचा बराचसा भाग १८९९ ते १९१३ दरम्यान खणला गेला, त्याचे नकाशे आजही वापरतात.

तोवर बॅसिलिकेतही न्यायनिवाडा राहिला नव्हता, धातुकामाच्या भट्ट्या पेटत होत्या तिथे. दक्षिण आणि उत्तर दरवाजे तर दगडांनी चिणून टाकलेले. दक्षिण दरवाजा नक्की बघा, कमानीची सुरुवात आणि आत भरलेले दगड दोन्ही दिसतात. शहर घाबरलेलं होतं, हे त्या चिणलेल्या दाराइतकं दुसऱ्या कशावरून कळत नाही.

कोल्हापुरी_चप्पल

धाग्याला भारताचा धागा जोडतो. कर्लीयनचं अँफिथिएटर १९२६-२७ मध्ये खणलं ते पुरातत्त्वज्ञ मॉर्टिमर व्हीलर यांच्या मोहिमेने. त्या खड्ड्याला गावकरी 'आर्थर राजाचं गोलमेज' म्हणायचे आणि त्या नावाच्या जोरावर एका इंग्रजी वर्तमानपत्राकडून पैसे मिळवले होते. व्हीलर मधेच लंडनला गेले, प्रत्यक्ष कामाचा मोठा भार त्यांच्या पत्नी टेसा व्हीलर यांनी उचलला, आणि श्रेय कुणाच्या नावावर गेलं ते सांगायला नको.

हेच व्हीलर १९४४ मध्ये भारताच्या पुरातत्त्व खात्याचे महासंचालक झाले आणि १९४५ ला पुद्दुचेरीजवळ अरिकामेडूला इटलीची तांबडी चकचकीत भांडी शोधून काढली. आपले ह. धी. सांकलिया लंडनला शिकत असताना इंग्लंडमधल्या मेडन कॅसलच्या उत्खननात व्हीलरांच्या हाताखाली शिकले. मग डेक्कन कॉलेज, पुणे. आणि १९४५-४६ मध्ये मो. गं. दीक्षितांबरोबर कोल्हापूरच्या ब्रह्मपुरी टेकडीवर उत्खनन. त्याच टेकडीवर त्याच्या थोडं आधी रोमन बनावटीचा पॉसिडॉनचा काशाचा पुतळा सापडला होता. आमच्या टाउन हॉल म्युझियममध्ये आहे. बोटभर उंचीचा असेल म्हणून गेलात तर तसा नाही, पण लहानच आहे. समुद्रदेव, पंचगंगेच्या काठी.

नवखा_प्रवासी

कोल्हापूरला चार वर्षं शिकायला होतो, टाउन हॉलच्या बागेत भेळ खाल्ली, आत गेलो नाही. असो.

तेरबद्दल कुणाला माहिती आहे का? ते पण रोमनांशी जोडलेलं आहे ना?

कोल्हापुरी_चप्पल

हो, धाराशिव जिल्ह्यातलं तेर. जुनं नाव तगर. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक व्यापाऱ्याच्या प्रवासवर्णनात पैठण आणि तगर दोन्ही आहेत, तिथून गाड्यांवर लादून माल भडोचच्या बंदरात जायचा, तगरहून मुख्यत्वे कापड आणि मलमल. गावात लामतुरे संग्रहालय आहे. तिथली हस्तिदंती स्त्रीमूर्ती बघाच. तशीच एक १९३८ मध्ये इटलीत पाँपेईच्या राखेतून निघाली. शिवाय गोरोबाकाकांचं गाव, त्यामुळे आजीआजोबाही खूश.

फरक लक्षात घ्या मात्र. केअरवेंटवर रोमचं राज्य होतं. तेरवर कधीच नव्हतं, तिथे रोमचे फक्त पैसे आले. 'आपल्याकडेही रोमन होते' असं म्हणून लोक दोन्ही एकत्र कालवतात, ते टाळा.

खडूस_आजोबा

हे वाक्य आवडलं. सातवाहनांच्या काळात आपण विकत होतो, ते घेत होते. पुतळे उभारायची गरज पडली नाही.

ताम्रपट

आजोबा, कार्ल्याच्या लेण्यात जाऊन खांब वाचा. धेनुकाकट गावच्या यवनांनी, म्हणजे पश्चिमेकडून आलेल्या परदेशी लोकांनी, दान दिलेत खांब. पुतळे त्यांनी आपल्याकडे उभारले, असं म्हणा हवं तर.

सांडगे_मिरची

इतिहासवाल्यांनो, जरा दम घ्या. मला पुढच्या शनिवारी जायचंय. प्रश्न: (१) बाबागाडी चालेल का? (२) सासऱ्यांचे गुडघे दुखतात, तटावर चढावं लागतं का? (३) केअरवेंट आणि कर्लीयन एका दिवसात होईल का? (४) मुलं भिंतीवर चढली तर कुणी ओरडतं का?

रानजाई

बाबागाडी गावातल्या रस्त्यावर, पाउंड लेन, देऊळ, चर्च इथे ठीक. दक्षिण भिंतीच्या कुरणात नाही, तिथे किसिंग गेट (एका वेळी एकच माणूस जाईल अशी झुलती फाटकं) आहेत आणि चिखलात चाकं रुततात. आम्ही बाळाला कडेवर घेतलं आणि गाडी मोटारीतच ठेवली.

गुडघ्यांसाठी तटावर चढायची काही गरज नाही. बाहेरून, खालून बघितलेला तटच जास्त भव्य दिसतो. आग्नेय कोपऱ्यात एक टेकाड आहे, नॉर्मन लोकांनी नंतर गढीसाठी रचलेलं, तेही खालूनच बघावं.

पायवाट

(३) होईल, पण माझं ऐकाल तर सकाळी केअरवेंट, दुपारी कर्लीयन. उलट करू नका. कर्लीयनला अँफिथिएटर आहे, सहा हजार माणसांचं, बराकींच्या ओळी आहेत, आणि स्नानगृहाच्या गटारातून निघालेले अंगठ्यांचे कोरीव खडे म्युझियममध्ये मांडलेत. आंघोळीला उतरलेल्यांच्या अंगठ्यांचा डिंक वाफेने सुटायचा आणि खडा पाण्याबरोबर वाहून जायचा. ८८ खडे सापडलेत. मुलांना हे इतकं आवडतं की त्यानंतर त्यांना मेंढ्यांच्या कुरणातली भिंत बघायला नेणं अवघड. आधी भिंत, मग खडे.

(४) ओरडायला तिथे कुणी नसतं, म्हणूनच आपण ओरडावं. चुना सुटलेला आहे, वरचे दगड हलतात. आमच्या गटात यावर थोडी वादावादी झाली, एका बाबांचं म्हणणं होतं की १७०० वर्षं टिकलेली भिंत माझ्या पोराने पडणार नाही. भिंतीची नाही हो, पोराची काळजी. शेवटी पोरगं उतरलं, बाबा रुसले, गुळपोळी खाल्ल्यावर बोलायला लागले.

आणि एक. वीसेक माणसं एकदम चर्चच्या पडवीत शिरू नका, जागा नाही, आणि रविवारी सकाळी प्रार्थना असते. चारचारच्या टोळीने जा. पॉलिनसचा दगड वाचायला वेळ द्या.

सांडगे_मिरची

धन्यवाद! स्विंडनहून सकाळी लवकर निघू. गमबूट शोधायला घेतले, धाकट्याचे लहान झालेत.

खडूस_आजोबा

सांडगे, सासऱ्यांना पॉलिनसच्या सीलच्या कातड्याची गोष्ट सांगा. गुडघे विसरतील. आणि डब्यात काय नेताय ते कळवा.

सांडगे_मिरची

पुरणपोळ्या नाही जमणार आजोबा, मेथीचे पराठे आणि मुरांबा. पण तुमच्यासाठी सासरेबुवांचा दगडापुढचा फोटो टाकते.